जुने घर विकत घेताना ओल कशी तपासावी : ठाणे आणि नवी मुंबईतील खरेदीदारांसाठी

भिंतीवर किंवा छतावर दिसणारा ओलीचा डाग म्हणजे पाण्याच्या प्रवासाचा शेवट असतो. ते पाणी निघालेले असते दुसरीकडूनच : वरच्या घरातल्या बाथरूममधून, गच्चीच्या कठड्याखालून, बाहेरच्या भिंतीच्या तड्यातून किंवा जमिनीतून. त्यामुळे जुने घर पाहताना डाग किती मोठा आहे, यापेक्षा ते पाणी कोणाच्या हद्दीतून येते आणि ते बंद करण्याचा अधिकार कोणाला आहे, हे आधी समजून घेतले पाहिजे. पाण्याचा उगम आपल्याच घरात असेल तर मोठी गळतीही पैसे आणि चार आठवडे देऊन थांबवता येते. उगम दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर तळहाताएवढा डागसुद्धा वर्षानुवर्षे छळतो. घराची किंमत ठरवताना हा फरक लाखो रुपयांचा असतो आणि बहुतेक खरेदीदार तो विचारातच घेत नाहीत.

घर कधी पाहावे

आपल्याकडे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो वाऱ्याबरोबर पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडून भिंतींवर आपटतो. घरांचे व्यवहार मात्र बरेचदा दिवाळीनंतर किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत होतात, म्हणजे भिंती कोरड्या असतात तेव्हा. शक्य असेल तर घर जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टमध्ये पाहावे, कारण पहिल्या पावसात विटांची भिंत पाणी पिऊन घेते आणि आतल्या बाजूला ओल उमटायला काही आठवडे लागतात. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कोरडी दिसलेली भिंत निर्दोष आहे असे समजू नये.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून लिहीत आहे. ठाण्यातल्या चरईतील दुसऱ्या मजल्यावरचे घर मी एप्रिलमध्ये पाहिले आणि मे महिन्यात घेतले. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात शयनगृहाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात गिलावा फुगला. पहिल्या वर्षी मी आतून रंग दिला, दुसऱ्या वर्षी गिलावा खरवडून आतूनच रसायनाचा लेप दिला आणि तिसऱ्या वर्षी एका जाणत्या अभियंत्याने झूला बांधून बाहेरून पाहिले, तेव्हा विटांची भिंत आणि वरचा बीम यांच्या सांध्यावर आडवी, लांबच लांब तडा सापडली. ती बाहेरून भरल्यावर आतला कोपरा पुढच्या पावसाळ्यात कोरडा राहिला. पहिल्या दोन वर्षांचा सगळा खर्च वाया गेला, कारण उपचार डागावर चालले होते.

उन्हाळ्यातच घर पाहावे लागणार असेल तर मागच्या पावसाळ्याच्या खुणा शोधाव्या लागतात. त्या कोठे सापडतात ते पुढे येईलच. निदान सौदा पक्का करण्यापूर्वी घर दोनदा पाहावे, एकदा सकाळी पाणी येण्याच्या वेळेला आणि एकदा भर दुपारच्या उजेडात.

आधी इमारतीभोवती एक फेरी

घरात शिरण्यापूर्वी इमारतीला चारही बाजूंनी फेरी मारावी आणि आपले घर नेमके कोणत्या भिंतीमागे येते ते खालून ओळखावे. त्या भिंतीवर शेवाळाचे काळे-हिरवे पट्टे उभे उतरलेले असतील तर वरून पाणी वाहते आहे. सांडपाण्याच्या पाइपाच्या सांध्यापाशी पिंपळाचे किंवा वडाचे रोप उगवले असेल तर तेथे कायम ओलावा आहे आणि मुळांनी सांधा उघडला आहे, असे धरून चालावे. दोन इमारतींच्या किंवा दोन विंगांच्या मधला डक्ट अवश्य पाहावा. संडास-बाथरूमचे सगळे पाइप तेथे असतात, ऊन पोहोचत नाही आणि दुरुस्तीसाठी माणूस उतरवणे अवघड असल्यामुळे सोसायटी तिकडे सर्वांत शेवटी लक्ष देते. डक्टच्या तळाशी पाणी साचलेले दिसले, तर त्या बाजूच्या खोल्यांची तपासणी दुप्पट काळजीने करावी.

खिडक्यांवरचे छज्जे, वातानुकूलन यंत्रासाठी भिंतीत पाडलेली भोके आणि घरात समाविष्ट केलेले फ्लॉवर बेड याही पाणी शिरण्याच्या जागा आहेत. फ्लॉवर बेडविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. ठाणे-नवी मुंबईतील असंख्य घरांत खिडकीखालचा फ्लॉवर बेड आत घेऊन खोली दीड-दोन फुटांनी वाढवलेली असते. त्याचा स्लॅब मूळ खोलीच्या स्लॅबपेक्षा वेगळ्या पातळीवर असतो आणि नंतर उभारलेली भिंत जुन्या बांधकामाशी एकजीव होत नाही, त्यामुळे नेमक्या त्या सांध्यातून पाऊस आत येतो. शिवाय हे वाढीव बांधकाम मंजूर नकाशात नसेल तर सोसायटीकडे दुरुस्ती मागण्याची खरेदीदाराची बाजूही लंगडी पडते.

तळमजल्याचे घर किंवा वाशी, नेरूळ, कोपरखैरणे येथील सिडकोकालीन रो-हाउस पाहत असाल तर रस्त्याची पातळी पाहावी. वर्षानुवर्षे थरावर थर टाकल्यामुळे रस्ते उंच होतात आणि घराचे जोते त्या मानाने खाली जाते. जोत्याच्या वर घातलेला ओलरोधक थर एकदा मातीच्या किंवा फरशीच्या पातळीखाली गेला की जमिनीतले पाणी विटांमधून केशाकर्षणाने वर चढते. नवी मुंबईतील खाडीलगतच्या भागांत भराव घातलेली जमीन आहे आणि भूजल फार खोल नाही, हेही लक्षात ठेवावे.

घराच्या आत : डोळे, हात, नाक आणि किल्ली

नुकताच दिलेला रंग ही संशयाची पहिली खूण आहे, विशेषतः सगळ्या घरात एकच भिंत किंवा एकच छत नवे दिसत असेल तर. एकाच खोलीतले पीओपीचे खोटे छत, एकाच भिंतीवरचा वॉलपेपर, लाकडी पॅनेल किंवा कमरेपर्यंत लावलेल्या टाइल्स यांकडेही तसेच पाहावे. विक्रेता लबाडच असतो असे नाही. अनेकदा त्यानेही आधीच्या कोणाकडून डाग झाकलेलेच घर घेतलेले असते.

रंग कोठे दिलेला नसतो, ते शोधावे. माळ्याच्या आतल्या बाजूस रंग देण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही, त्यामुळे माळ्यावर चढून मोबाइलच्या उजेडात स्लॅबचा खालचा भाग पाहावा. तेथील पिवळट-तपकिरी वळये मागच्या कित्येक पावसाळ्यांची नोंदच असतात. ओट्याखालच्या कपाटांची पाठ, भिंतीतल्या कपाटांचे आतले कोपरे, बाथरूमच्या दाराच्या चौकटीचे तळ आणि पलंगामागची भिंत याही अशाच जागा आहेत. खोटे छत असेल तर विक्रेत्याच्या परवानगीने एक दिवा खाली काढून त्या भोकातून वर पाहावे. परवानगी मिळाली नाही, तर ते घर त्या छतापुरते न पाहिलेलेच आहे असे धरून भाव करावा. स्विचबोर्डचे स्क्रू गंजलेले असतील तर भिंतीतल्या विजेच्या तारांच्या नळीपर्यंत ओल पोहोचलेली असते. अशा घरात राहायला जाण्यापूर्वी वायरिंग तपासून घेऊन गळता विद्युतप्रवाह तोडणारा आरसीसीबी बसवणे टाळू नये.

तळहात भिंतीवर टेकवून खालून वर सरकवावा. ओली जागा शेजारच्या भागापेक्षा स्पष्टपणे गार लागते. किल्लीच्या टोकाने हलके ठोकले असता सुटलेला गिलावा पोकळ वाजतो. पांढरी, पिठासारखी भुकटी हाताला लागली तर तो लोणा, म्हणजे पाण्याबरोबर पृष्ठभागावर येऊन सुकलेले क्षार. लोणा पुसला तरी परत येतो, कारण ते क्षार हवेतलाही ओलावा ओढून घेतात. घरात शिरताच कोंदट वास आला, किंवा तो लपवण्यासाठी खिडक्या सताड उघड्या ठेवून उदबत्त्या लावलेल्या दिसल्या, तर दहा मिनिटे खिडक्या बंद करून खोलीत थांबण्याची विनंती करावी.

दोन पिनांचा ओलावामापक हल्ली सहज मिळतो, परंतु तो लाकडासाठी बनवलेला असल्यामुळे गिलाव्यावर दिसणारा आकडा खरा मानू नये. त्याचा उपयोग तुलनेपुरता करावा : त्याच खोलीतल्या कोरड्या आतल्या भिंतीवर काय दिसते आणि संशयित भिंतीवर काय दिसते, एवढेच पाहावे.

पाणी कोठून येते

हा या सगळ्या खटपटीचा गाभा आहे. ओलीची वेळ पाहिली की अर्धे निदान होते. डाग फक्त पावसाळ्यात येत असेल आणि हिवाळ्यात सुकत असेल तर दोष गच्चीत, बाहेरच्या भिंतीत किंवा खिडकीच्या सांध्यांत असतो. बाराही महिने सारखाच ओला राहणारा डाग नळाच्या किंवा सांडपाण्याच्या पाइपाचा असतो. सकाळी पाणी सोडल्यावर तासाभरात वाढणारा डाग दाबाखालच्या पाण्याच्या पाइपाकडे बोट दाखवतो. जुन्या इमारतींत भिंतीत गाडलेले जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप आतून गंजून बारीक भोके पडलेली असतात. वरच्या घरातल्या अंघोळी आटोपल्यावर थेंब पडू लागत असतील, तर वरच्या बाथरूमची फरशी किंवा नहाणी ट्रॅपचा, म्हणजे फरशीतले पाणी वाहून जाण्याच्या तोंडाचा सांधा गेलेला असतो. जमिनीपासून वर चढलेली, साधारण मीटरभर उंचीवर लोण्याची आडवी रेघ काढून थांबलेली ओल ही जमिनीतली.

पाइपाचा संशय पक्का करायचा असेल तर वरच्या घराचा मुख्य कॉक रात्रभर बंद ठेवून सकाळी डाग पाहावा. बाथरूमच्या फरशीचा संशय असेल तर नहाणी ट्रॅप कापड-बोळ्याने घट्ट बंद करावा, फरशीवर इंचभर पाणी भरून त्यात खाण्याचा रंग मिसळावा, पातळीची खूण करून चोवीस तास ठेवावे आणि खालच्या छतावर रंग उतरतो का ते पाहावे. या दोन्ही चाचण्यांना वरच्या रहिवाशाची संमती लागते. ती सेक्रेटरींमार्फत मागावी. या मागणीला मिळणारे उत्तर हीच एक चाचणी आहे. आत्ताच दार न उघडणारा शेजारी आपण घर घेतल्यावर फरशी फोडायला तयार होईल, अशी आशा करू नये.

भिंतीवरचा ओलावा आतून येतो की हवेतला आहे, याची शंका असेल तर दोन फूट बाय दोन फूट जाड प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून चोवीस तास ठेवावा. भिंतीकडच्या बाजूला दव साचले तर पाणी भिंतीतून येते आणि खोलीकडच्या बाजूला साचले तर ते हवेतले. शेजारच्या घरात त्याच भिंतीपलीकडे वातानुकूलन यंत्र दिवसभर चालू असेल तर आपल्या बाजूची गार भिंत पावसाळ्यातल्या दमट हवेत घामेजते. ही गळती नव्हे, आणि त्यावर जलरोधनाचा खर्च करणे व्यर्थ आहे.

शेवटचा मजला असेल तर गच्चीवर गेल्याशिवाय परतू नये. गच्ची आणि कठडा यांच्या सांध्यावरचा सिमेंटचा गोलसर वाटा फुटलेला आहे का, जलरोधनासाठी घातलेला विटांच्या तुकड्यांचा कोबा पोकळ वाजतो का, पाणी वाहून नेणाऱ्या तोंडांपाशी उतार आहे की डबकी साचतात, टाकीखालची जागा ओली आहे का, हे पाहावे. गच्चीवर पत्र्याचे छप्पर असेल तर त्यासाठी महापालिकेची परवानगी आहे का, हे विचारावे. परवानगीशिवायचे छप्पर पाडले गेले की गळती पुन्हा उघडी पडते.

जवळजवळ सगळेच खरेदीदार छताकडे पाहतात आणि पायाखाली पाहायचे विसरतात. खालच्या घराचे दार नम्रपणे वाजवून, आपण वरचे घर घेण्याच्या विचारात आहोत हे सांगावे आणि त्यांचे बाथरूमचे छत पाहू देण्याची विनंती करावी. तेथे थेंब पडत असतील तर तो खर्च उद्या आपला आहे. मागच्या मालकाने जुन्या फरशीवर नवी टाइल चिकटवली आहे की सगळे फोडून नवे केले आहे, आणि फोडले असेल तर खालचे जलरोधनही नव्याने केले का, हे विक्रेत्यापेक्षा खालचे शेजारी अधिक खरे सांगतात.

ओल जेव्हा केवळ ओल राहत नाही

छतावर सळईच्या रेषेत सरळ जाणारी तडा, तांबूस गंजाचा ओघळ किंवा काँक्रीटची खपली पडून उघडी पडलेली सळई दिसली, तर प्रश्न रंगाचा किंवा गिलाव्याचा राहत नाही. ताजे काँक्रीट अल्कधर्मी असते आणि त्यामुळे सळईला गंजापासून संरक्षण मिळते. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत शिरून ती अल्कता कमी करतो, आणि खाडीकाठच्या हवेतले किंवा नीट न धुता वापरलेल्या खाडीच्या रेतीतले क्षार गंजाला वेग देतात. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून काँक्रीट आतून फुटते, तड्यांतून आणखी पाणी जाते आणि चक्र वाढत राहते. बाथरूमखालचे स्लॅब आणि छज्जे यांत हे सर्वांत आधी दिसते. ठाण्याच्या नौपाड्यातील बी केबिन परिसरातली कृष्णा निवास ही जुनी इमारत ऑगस्ट २०१५ मध्ये भर पावसाळ्यात रात्री कोसळली आणि १२ जणांचा मृत्यू झाला. जुन्या इमारतीकडे पाहताना ही आठवण ठेवावी.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे ३० वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घेणे बंधनकारक आहे. तो अहवाल सोसायटीकडे मागावा आणि निष्कर्षाच्या पानाबरोबरच छायाचित्रेही पाहावीत. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक, हाफ-सेल आणि कार्बोनेशन या काँक्रीट आणि सळई यांची स्थिती तपासणाऱ्या चाचण्या प्रत्यक्ष केल्या आहेत की नुसत्या नजरेने लिहिले आहे, ते कळते. ठाणे आणि नवी मुंबई महापालिका पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतींच्या याद्या प्रसिद्ध करतात. त्यांत सी-१ म्हणजे रिकामी करून पाडण्याजोगी, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करण्याजोगी, सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्त करण्याजोगी आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. सी-१ आणि सी-२ए इमारतीत राहण्यासाठी घर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बँकेने कर्ज मंजूर केले म्हणून निश्चिंत होऊ नये. बँकेचा मूल्यांकनकार बँकेच्या पैशाची सुरक्षितता पाहतो, आपल्या भिंतीची नाही.

येथेच एक नेहमीचे आश्वासन तपासावे लागते, ते म्हणजे इमारत लवकरच पुनर्विकासाला जाणार आहे, तेव्हा ओलीचे काय घेऊन बसलात. पुनर्विकासाची आशा धरून बसलेली सोसायटी दुरुस्तीवर पैसे घालत नाही आणि विकासक ठरून जागा रिकामी होईपर्यंत अनेक पावसाळे जातात. सर्वसाधारण सभेचा ठराव, विकासकाची नेमणूक आणि करार यांपैकी काय झाले आहे ते कागदावर पाहावे. काहीच झालेले नसेल तर पुनर्विकास गृहीत धरून एक रुपयाही जास्त देऊ नये.

खर्च कोणाचा

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून होणारी पावसाची गळती, त्यामुळे शेवटच्या मजल्यावरील छताचे झालेले नुकसान, बाहेरच्या भिंती आणि बाहेरचे पाइप यांची दुरुस्ती संस्थेने करायची असते. घरातल्या संडास, बाथरूम, सिंक यांतून होणारी गळती त्या त्या सभासदाने आपल्या खर्चाने दुरुस्त करायची असते. हे कागदावर स्पष्ट आहे, तरी वरच्या सभासदाने नकार दिला तर पत्रव्यवहार, सहकारी संस्थांचे निबंधक आणि शेवटी सहकार न्यायालय असा लांबचा रस्ता चालावा लागतो. म्हणून सोसायटीच्या कार्यालयात बसून मागच्या तीन वर्षांची इतिवृत्ते वाचावीत, आपल्या घराच्या गळतीच्या तक्रारी विक्रेत्याने स्वतः दिल्या आहेत का ते पाहावे, दुरुस्ती निधीत पैसे आहेत का ते विचारावे. मोठ्या दुरुस्तीची वर्गणी ठरली असून वसूल व्हायची असेल, तर ती विक्रेता भरणार की आपण, हे टोकन देण्यापूर्वीच लिहून घ्यावे.

विक्रेत्याला ठाऊक असलेला आणि खरेदीदाराला साध्या काळजीने न सापडणारा महत्त्वाचा दोष उघड करणे, हे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे विक्रेत्याचे कर्तव्य आहे. म्हणून गळतीविषयीचे प्रश्न लेखी विचारावेत आणि उत्तरेही लेखी घ्यावीत. करारनाम्याच्या छापील मसुद्यात घर जसे आहे तसे स्वीकारल्याचे कलम असते. ते काढता आले नाही, तर माहीत असलेले डाग छायाचित्रांसह परिशिष्टात जोडावेत. पावसाळ्याच्या तोंडावर व्यवहार होत असेल तर किमतीतला ठरावीक भाग सप्टेंबरअखेरपर्यंत वकिलाकडे राखून ठेवण्याची अट मागून पाहावी. सगळे विक्रेते ती मानत नाहीत, पण मागण्यात गैर काही नाही.

घर ताब्यात आल्यावर

दुरुस्तीचा क्रम उलटा झाला की पैसे बुडतात. आधी उगम बंद करावा, मग भिंत सुकू द्यावी, त्यानंतर गिलावा आणि सर्वांत शेवटी रंग. बाहेरच्या भिंतींचे आणि गच्चीचे काम ऑक्टोबर ते मे या काळातच होते. जमिनीतल्या ओलीसाठी लोण्याच्या रेघेच्या अर्धा मीटर वरपर्यंतचा गिलावा विटांपर्यंत काढून टाकावा, कारण क्षार त्या गिलाव्यातच साठलेले असतात. नऊ इंची भिंत पूर्ण सुकायला काही महिने लागतात, आणि घाईने वर पुट्टी लावली की ती पुढच्या जुलैत पोपडे होऊन गळते. बाथरूम नव्याने करणार असाल तर खालच्या जलरोधनावर टाइल बसवण्यापूर्वी किमान ४८ तास पाणी भरून ठेवण्याची अट कंत्राटदाराशी लेखी ठरवावी आणि त्या दोन दिवसांत खालच्या शेजाऱ्यांकडे जाऊन छत स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. सळई उघडी पडली असेल तर साध्या सिमेंटने लिंपू नये. गंज पूर्ण घासून, गंजरोधक लेप देऊन, पॉलिमर मॉर्टरने भरणे हे काम अभियंत्याच्या देखरेखीखालीच करून घ्यावे.

बाहेरच्या भिंतीला लागून कपाटे आणि पलंग कायमचे बसवण्याची घाई करू नये. पहिला पावसाळा त्या भिंतीपासून चार-सहा इंच जागा मोकळी ठेवावी, जूनपासून दर पंधरा दिवसांनी प्रत्येक कोपऱ्याचे तारखेसह छायाचित्र घ्यावे आणि सुताराला ऑक्टोबरनंतर बोलवावे.